सुलतान तख्तावर बसेनात

लेकरू चालायला लागलं की घरचे टाळ्या वाजवतात, बोलायला लागलं की मोबाईलवर व्हिडिओ काढतात. पण यातलं काहीही आपण शिकवलं, असं छातीठोकपणे कुणी म्हणत नाही. श्रेय लेकराचंच असतं. एका विषयात मात्र घरातला प्रत्येक माणूस स्वतःला हेडमास्तर समजतो. तो विषय म्हणजे शी आणि शू. लेकरानं ती कुठं करावी, केव्हा करावी आणि मुख्य म्हणजे करायच्या आधी सांगावं की नंतर, याबद्दल पणजीपासून शेजारच्या अक्कापर्यंत सगळ्यांची पक्की मतं असतात आणि प्रत्येक मताला पुरावाही असतो. पुरावा म्हणजे त्यांचं पोटचं पोर. ते आता चाळिशीला आलेलं असतं आणि या विषयावर साक्ष द्यायला अजिबात तयार नसतं.

आमचं औराद कर्नाटकाच्या नकाशात अगदी वरच्या टोकाला. म्हणजे आम्ही राज्याचं डोकं आहोत; बेंगळुरूला हे फारसं आठवत नाही, एवढंच. एका अंगाला उदगीर-देगलूरचा महाराष्ट्र, दुसऱ्या अंगाला तेलंगणा. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दखनी. लग्नाचा बस्ता उदगीरला, कागदपत्रांचे हेलपाटे बिदरला आणि पोरं नोकरीला हैदराबादला. आमचंही पोरगं हैदराबादलाच. यंदा उन्हाळ्यात सूनबाई अडीच वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या त्या एक मोहीम ठरवूनच. जूनमध्ये ज्या शाळेत त्याचं नाव घातलंय, तिथं डायपर लावलेलं लेकरू घेत नाहीत. तेव्हा सुट्टी संपायच्या आत डायपर सुटलं पाहिजे. "औरादला अंगण आहे, माणसं आहेत, फरशी पुसायला सोपी आहे," असं सूनबाईंचं म्हणणं. त्यातली अंगण आणि फरशी ही दोन्ही खरोखर उपयोगी पडली. अडचण झाली ती माणसांची.

येताना त्यांनी एक प्लॅस्टिकचं भांडं आणलं होतं. फिरोजी रंगाचं, टेकायला उंच पाठ, धरायला दोन्ही बाजूंना दांडे आणि बुडाशी बॅटरी. आत काही पडलं की इंग्रजी गाणं वाजायचं. ते बघून मला बहामनी सुलतानांचं सिंहासन आठवलं, तख्त-ए-फिरोजा. हे तख्त तेलंगणातून नजराणा म्हणून आलेलं. निळ्या मिन्याच्या कामावरून त्याला ते नाव पडलं. इतिहासकार फरिश्ता लिहितो की गादीवर येणारा प्रत्येक सुलतान त्यात काही ना काही रत्नांची भर घालत गेला, इतकी की शेवटी मूळचा निळा रंगच दिसेनासा झाला. आमच्या नातवाला घरात त्या दिवसापासून सुलतान म्हणायला लागलो. पण या सुलतानाचा कारभार उलटा. तख्तात भर घालायची तेवढी सोडून बाकी सगळं तो तख्ताचं करायचा. ते डोक्यावर घालून फिरायचा, उलटं करून त्याची गाडी करायचा, त्यात तुरीची डाळ भरून दुकान मांडायचा. वरून तांब्याभर पाणी ओतलं तरी गाणं वाजतं, हा शोध त्याला लागल्यावर तर विचारू नका. गाणं ऐकून सूनबाई पोळपाट टाकून टाळ्या वाजवत धावत यायच्या आणि सुलतान हातात रिकामा तांब्या घेऊन त्यांच्याबरोबर टाळ्या वाजवायचे. खरं काम तोवर सोफ्याच्या मागं उरकलेलं असायचं.

मोहिमेत पहिला मान अर्थातच पणजीचा. माझी आई पंच्याऐंशीच्या घरात आहे. एरवी दारात बँड वाजला तरी तिला ऐकू येत नाही, पण ही बातमी पहिल्याच दिवशी ऐकू आली. "आडीच वर्साचं झालं अन् आत्ता शिकवूलालाव व्हय?" ती म्हणाली. "माझी लेकरं सव्वा म्हैन्याची असताना पायावर बसायची." तिची रीत अशी: भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून जमिनीवर बसायचं. टाचा जुळवायच्या, चवडे जरा फाकवायचे. लेकराला तोंड आपल्याकडं करून त्या दोन पायांवर बसवायचं, त्याचे दोन्ही दंड धरायचे आणि ओठांचा चंबू करून बारीक शीळ घालायची. झोपेतून उठल्यावर एकदा, दूध पाजल्यावर एकदा. काम झालं की वर चुलीतली राख टाकायची, खापराच्या तुकड्यानं उचलून उकिरड्यावर टाकायचं, जागा सारवून घ्यायची. एवढाच अभ्यासक्रम.

ही अडाणी रीत आहे असं समजू नका. पूर्व आफ्रिकेतल्या डिगो नावाच्या समाजात बायका तान्ह्या बाळाला पहिल्या काही आठवड्यांपासून असंच पायांवर धरून, तोंडानं आवाज काढून सवय लावतात आणि पाच-सहा महिन्यांत बाळं दिवसा आणि रात्रीही बऱ्यापैकी कोरडी राहतात, असं डीव्हरीज पतिपत्नींनी 1977 मध्ये बालवैद्यकाच्या एका नामांकित अमेरिकी नियतकालिकात लिहिलं. आईला हे मोठ्यानं ओरडून सांगितलं. तिनं शांतपणे विचारलं, "मग? ह्यात लिव्हन्यासारखं काय हाय?"

सुलतानला तिच्या पायावर बसवलं. सव्वा महिन्याच्या लेकराला जे बसणं वाटतं, ते अडीच वर्षांच्या लेकराला घोडा-घोडा वाटतं. तो वरखाली उड्या मारायला लागला, आई "अगं माय माय" करायला लागली, आणि तरीही तिनं शीळ सोडली नाही. ती शीळ लागू पडली. सुलतानवर नव्हे, समोरच्या खुर्चीत पेपर वाचत बसलेल्या माझ्यावर. मी मुकाट्यानं उठलो आणि जाऊन आलो. आई आपल्या मुलाच्या बाबतीत अजून यशस्वी आहे, एवढं तरी त्यातून सिद्ध झालं.

शिट्टीचा हा उपयोग आमच्या भागाला ठाऊकच नाही असं नाही. फक्त आम्हाला तो उलट्या बाजूनं ठाऊक आहे. महाराष्ट्रात 2000 साली संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान सुरू झालं, आणि पुढं सीमेपलीकडच्या गावांतून पहाटे पहाटे गुडमॉर्निंग पथकं फिरायला लागली. हातात टमरेल घेऊन रस्त्याकडेला बसलेल्या माणसाच्या मागं जाऊन जोरात शिट्टी वाजवायची, की तो धोतर सावरत उठलाच पाहिजे. म्हणजे शिट्टी एकच. पणजी वाजवते तेव्हा सुरू करायचं, सरकार वाजवतं तेव्हा थांबवायचं. जो माणूस बालपणी पहिल्या शिट्टीवर वाढला, त्याचा दुसऱ्या शिट्टीनं किती घोटाळा झाला असेल याचा विचार कुठल्या परिपत्रकात केलेला दिसला नाही.

सरकारची आठवण निघाली ती उगाच नाही. सूनबाई सुट्टीपुरत्या मोहिमेवर आल्या होत्या. सरकार हीच मोहीम मोठ्या माणसांवर 1986 पासून राबवतंय. तेव्हा तिचं नाव केंद्रीय ग्रामीण स्वच्छता कार्यक्रम होतं. माणसं बसेनात. 1999 मध्ये संपूर्ण स्वच्छता अभियान आलं. माणसं कुठं बसली, कुठं नाही. 2012 मध्ये निर्मल भारत झालं आणि 2 ऑक्टोबर 2014 ला स्वच्छ भारत. घरात संडास बांधला की बारा हजार रुपये. त्या पैशांतून आमच्या तालुक्यात पुष्कळ संडास झाले आणि ते कामालाही आले. कुणी त्यात गोवऱ्या रचल्या, कुणी कडबा ठेवला, कुणी सोयाबीनचं बियाणं ठेवून बाहेरून कुलूप घातलं. त्यांचंही अगदीच चुकत नव्हतं. उन्हाळ्यात घागरभर पाण्यासाठी बोअरवर रांग लावायची आणि त्यातली अर्धी घागर तिथं ओतायची, हे कुणाच्या जिवाला पटेल? हळूहळू पाणी आलं, शहाणपण आलं, सुना आल्या. सुनांनी हट्ट धरला तेव्हा गोवऱ्या बाहेर निघाल्या. अठ्ठावीस वर्षांत चार नावं बदलावी लागली. मी सूनबाईंना म्हटलं, "मतदानाचा हक्क असलेली, घरदार सांभाळणारी, पिकाचा हिशेब ठेवणारी माणसं शिकायला इतकी वर्षं लागली. याला तर अजून स्वतःची चड्डी घालता येत नाही." सूनबाई म्हणाल्या, "मामा, तुम्ही धीर देताय की घाबरवताय?"

सूनबाई शिकलेल्या आहेत. त्यांच्या फोनमध्ये जगातले सगळे तज्ज्ञ असतात. दुपारी त्या मला वाचून दाखवायच्या आणि मला फार बरं वाटायचं, कारण तज्ज्ञांची अवस्था आमच्या ओसरीवरच्या बैठकीपेक्षा वेगळी नव्हती. अमेरिकेच्या सरकारनं आयांसाठी एक पुस्तिका काढली होती. तिच्या 1930 च्या दशकातल्या आवृत्तीत बाळाला पहिल्या काही महिन्यांपासूनच घड्याळ लावून बसवा, असा उपदेश आहे. वेळ पाळत नसेल तर साबणाची कांडी वापरा, अशीही सोय आहे. पुढं 1962 मध्ये ब्रेझल्टन नावाच्या बालरोगतज्ज्ञानं 1,170 मुलांच्या नोंदी मांडल्या आणि सांगितलं, घाई नको, मूल तयार होईपर्यंत थांबा. दिवसा कोरडं राहायला त्या मुलांना सरासरी साडेअठ्ठावीस महिने लागले होते. तोवर 1961 मध्ये पॅम्पर्स बाजारात आलेलंच होतं, त्यामुळं थांबायची सोय झाली. मग 1974 मध्ये अॅझ्रिन आणि फॉक्स या जोडीचं पुस्तक आलं, एका दिवसाच्या आत शिकवून दाखवतो म्हणणारं. पुस्तक धडाक्यात खपलं. आणि 1998 मध्ये तेच ब्रेझल्टन मोठ्या मुलांच्या मोठ्या डायपरच्या जाहिरातीत दिसले, घाई नको म्हणत. त्यांचा सल्ला खराच असेल. पण आमच्याकडं कापूस विकणाऱ्या माणसानं थंडी लांबणार असं सांगितलं, तर आपण दोन माणसांना विचारून घेतो.

फ्रॉइड महाशय तर या सगळ्यांच्या आधीचे. 1908 सालच्या लेखात त्यांनी मांडलं की माणसाचा चिक्कूपणा, हट्टीपणा आणि अति टापटीप यांचं मूळ लहानपणी शी धरून ठेवण्यात असतं. हे ऐकल्यापासून मी नात्यातल्या एका काकांकडं वेगळ्या नजरेनं बघतो. घरी गेलेल्या माणसाला त्यांनी आजवर चहा पाजलेला नाही. त्यांची आई हयात असती तर चौकशी करता आली असती.

मोहिमेचा पुढचा टप्पा बक्षिसांचा. पुस्तकात लिहिलंय की यश मिळालं की कौतुक करा, वाटलं तर चिकटवायला चांदणी द्या. सूनबाईंनी फळ्यावर तक्ता लावला, चांदण्या आणल्या. आमच्या हिला चांदणी हे बक्षीस वाटेना. "चांदणी काय चाटायचीय?" म्हणून तिनं प्रत्येक शूला शेंगदाण्याच्या लाडवाचा एक तुकडा मंजूर केला. सुलतानच्या डोक्यात प्रकाश पडायला अर्धा दिवससुद्धा लागला नाही. एका शूला एक तुकडा. मग तीच शू थोडी थोडी करून चार वेळा केली तर? सुलतान तख्तावर बसायचे, दोन थेंब टाकायचे, हात पुढं करायचे. तुकडा खाऊन झाला की पुन्हा "आली, आली!" पुन्हा दोन थेंब. बारा हजाराचं अनुदान मिळवताना कागदी खड्ड्यांवर खरे पैसे उचलणारे महाभाग ज्यांनी पाहिलेत, त्यांना यात नवल वाटणार नाही. मला वाटलं ते एवढंच, की हे कौशल्य वयाच्या अडीचव्या वर्षी येत असेल असं माहीत नव्हतं. हिनं योजना बंद केली. सुलताननं निषेध म्हणून देवघरासमोर थकबाकी एकदम भरली.

यात शेजारीपाजारी मागं कसे राहतील? शेजारच्या अक्कांनी कन्नडमध्ये आणि हातवाऱ्यांत सांगितलं की लेकराला दृष्ट लागलीय. मीठमिरची ओवाळून झाली. मिरच्यांचा ठसका लागून सगळं घर खोकलं आणि खोकता खोकता सुलतानची तिथंच झाली. समोरच्या घरातल्या खालाजान म्हणाल्या, रात्री तीळ-गूळ द्या, गादी भिजत नाही. तीळ-गूळ सुलतानला आवडला. गादीलाही आवडला असावा, कारण तिनं आपला क्रम बदलला नाही. आमच्या एका मास्तर मित्रानं सल्ला दिला की मोठ्या मुलांमध्ये बसवा, बघून शिकेल. म्हणून सकाळी शेजारच्या पोरीबरोबर अंगणवाडीत पाठवलं. टीचरनं कन्नडमध्ये विचारलं, सुलताननं मराठीत उत्तर दिलं आणि निकाल सतरंजीवर लागला. टीचर मात्र जाणती बाई. "होऊ द्या, माझ्याकडं असे वीस आहेत," म्हणाल्या आणि फडकं घेऊन आल्या. या सगळ्या प्रकरणात न चिडलेली ती एकटीच मोठी व्यक्ती.

बघून शिकतं हे मात्र खरं. फक्त कुणाकडं बघायचं ते लेकरू ठरवतं. आमच्या गोठ्यात एक देवणी गाय आहे. शेजारच्या लातूर जिल्ह्यातल्या देवणी गावावरून नाव पडलेली ही आमच्या मुलखाची जात; पांढऱ्याशुभ्र अंगावर काळे ठिपके, कान लोंबते, चाल ठसक्याची. ती रवंथ करता करता, मान न वळवता, कुणालाही न सांगता, उभ्या उभ्या आपलं काम करते. सुलतान गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून हे भान हरपून बघायचे. एकदा आईला विचारलं, "गायीला चड्डी का नाही?" सूनबाईंकडं उत्तर नव्हतं. त्यातच हिनं गोमूत्राचा तांब्या आणून अंगणात शिंपडलं. आता सांगा, लेकरानं काय समजायचं? गायीनं केली तर तांब्यात धरून देवघरापर्यंत नेतात, आणि आपण केली की "अरे देवा!" म्हणून ओरडतात. पुढच्या आठवड्यात गल्लीतल्या कुत्र्याचा अभ्यास झाला. सुलतान विजेच्या खांबाशी एक पाय वर करून उभे राहिले आणि तोल जाऊन पडले. त्यांनी कुत्र्याकडं ज्या आदरानं बघितलं, तसं आमच्याकडं कधी बघितलं नव्हतं.

डायपरचा विषय टाळून चालणार नाही. आमच्या लहानपणी जुन्या धोतराचे त्रिकोणी लंगोट असत. लंगोट भिजला की लेकराला गार लागायचं, ते रडायचं, आई धावायची. कारण आणि परिणाम लेकराला कळायचा. आताच्या डायपरमध्ये अशी काही पूड असते की ती आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी पिऊन वर कोरडीच्या कोरडी. बाप हैदराबादहून चार तास गाडी चालवत आला तरी लेकराला पत्ता नाही की आपण काय करून बसलोय. सोय मोठी आहे, मी नावं ठेवत नाही. रात्रभर झोप मिळालेल्या आईसमोर लंगोटाचे गोडवे गाणाऱ्या माणसानं आयुष्यात एक तरी लंगोट धुतलेला असावा, अशी माझी अट आहे. पण वापरलेलं डायपर टाकायचं कुठं, याचं उत्तर औरादमध्ये अजून कुणाकडं नाही. मागच्या सुट्टीत ती आमच्या गड्यानं इमानदारीनं उकिरड्यावर टाकली. मृगाच्या आधी खत रानात गेलं, पहिला पाऊस झाला आणि तुरीच्या ओळींत जागोजाग पांढरी फुगीर बोंडं उगवली. बांधावरून जाणाऱ्या एका शेतकऱ्यानं थांबून विचारलं, "आप्पा, ह्या वर्षी कापूस लावलाव का?"

आणि एक गैरसमज आम्हा सगळ्यांचा होता, तोही सूनबाईंच्या डॉक्टर मैत्रिणीनं फोनवर काढून टाकला. लेकराची शी म्हणजे काय, दुधाची. तिचा काय विटाळ, असं आमच्याकडं सर्रास म्हणतात आणि गटारीत लोटून मोकळे होतात. प्रत्यक्षात जंत आणि जुलाबाचे जंतू लहान मुलांच्या शीतून मोठ्यांइतकेच पसरतात. गाव हागणदारीमुक्त म्हणायचं तर लेकराची शीही संडासात गेली पाहिजे. तेव्हापासून राख-खापर बंद. आईनं हा बदल ऐकून घेतला आणि म्हणाली, "म्हंजे आमी तवा राख टाकत होताव, त्ये बी उगंच नव्हतं."

मे महिन्याच्या मध्यावर सलग काही दिवस चड्डी कोरडी राहिली. सूनबाईंनी घर हागणदारीमुक्त जाहीर केलं. संडासासमोर लाभार्थ्याला उभं करून फोटो काढायची पद्धत सरकारची; आम्ही तख्ताशेजारी सुलतानला उभं करून काढला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. अंगठे आले, फुलं आली. सरकारी घोषणेचा आणि घरगुती घोषणेचा गुण एकच: घोषणा झाली की तपासणी येते. दुसऱ्याच दिवशी फंक्शन हॉलमध्ये लग्न होतं. मंगलाष्टकं चालू, अक्षता हातात आणि सुलतान एका नव्याकोऱ्या सफारीतल्या पाहुण्यांच्या मांडीवर. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, टाळ्या झाल्या. टाळ्या ऐकल्या की काय करायचं असतं, हे सुलतानला आम्हीच शिकवलं होतं.

त्या प्रकारानंतर सूनबाई दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत, आणि सुलतान तीन दिवस शीला गेले नाहीत. घरात एरंडेल, ओवा, हिंग, गरम पाणी, मनुका यांवर जोरदार चर्चा झाली. डॉक्टर मैत्रिणीनं एकच सांगितलं: विषय बंद करा. त्या जागेचे स्नायू आवळायचे आणि सोडायचे हे लेकराला साधारण दीड वर्षानंतर हळूहळू जमायला लागतं. पण ते जमणं, लागलंय हे ओळखणं आणि हातातला खेळ टाकून उठावंसं वाटणं, हे तिन्ही एका दिवशी येत नाही. धाक दाखवला तर लेकरू धरून ठेवतं, धरून ठेवलं की शी घट्ट होते, घट्ट झाली की दुखतं, दुखलं की आणखी धरून ठेवतं. आणि रात्रीचं तर चार-पाच वर्षांपर्यंत कुणी मनावरसुद्धा घ्यायचं नाही.

मग घरानं विषय बंद केला. तख्त कपाटावर गेलं. तक्ता उतरला. कुणी "आली का? आली का?" विचारेना. अशाच एका दुपारी सगळी माणसं जेवून आडवी झालेली असताना शेजारचं चार वर्षांचं पोरगं न्हाणीघरात शिरलं आणि त्याच्या मागोमाग सुलतान. दोघांनी चड्ड्या काढून खुंटीला फेकल्या. त्या अर्थातच खाली पडल्या. दोघांनी मोरीवर नेम धरला. कुणाची धार लांब जाते यावर त्यांचं थोडं भांडण झालं. मग सुलतान ओल्या पायांनी बाहेर येऊन, झोपलेल्या पणजीच्या कानाशी जाऊन ओरडले, "मी केली!" टाळ्या नाहीत, लाडू नाही, गाणं नाही. त्या दिवसानंतर किरकोळ पडझड सोडली तर कारभार सुरळीत झाला. श्रेयाची वाटणी मात्र अजून चालू आहे. आई म्हणते शिळेमुळं, ही म्हणते लाडवामुळं, सूनबाई म्हणतात तक्त्यामुळं, अक्का म्हणतात मिरच्यांमुळं. शेजारच्या पोराचं नाव कुणी घेत नाही.

अडचण एकच उरली. महिनाभर ज्याला उठता-बसता "शू लागली का?" विचारलं, तो आता तेच सगळ्यांना विचारायला लागला. दूधवाल्याला विचारलं, मीटर बघायला आलेल्या माणसाला विचारलं, गायीलाही विचारलं. सूनबाईंना न्यायला व्याही आले त्या दिवशी आम्ही दोघं ओसरीवर पावसापाण्याच्या गप्पा मारत बसलो होतो. दोघांचीही पासष्टी उलटलेली, दोघांनाही साखर, दोघांचाही डॉक्टर एकच गोळी देतो. सुलतान समोर येऊन उभे राहिले. "आबा, शू लागली?"

व्याही मोठ्यानं हसले. मग हसता हसता थांबले, आणि उठले. त्यांना उठलेलं बघून मलाही उठावं लागलं. संडासाच्या दाराशी आमची गाठ पडली. मी म्हटलं, "पाहुणे, आधी तुम्ही." ते म्हणाले, "छे छे, घर तुमचं, आधी तुम्ही." औरादमध्ये पाहुण्याचा मान मोडत नाहीत आणि व्याह्याचा तर नाहीच नाही, त्यामुळं हा आग्रह आमच्या वयाला झेपेल त्यापेक्षा जरा जास्तच चालला. अखेर दोघंही वेळेत सुटलो, एवढं सांगतो. बाहेर आलो तर सुलतान टाळ्या वाजवत उभे. डब्यातून काढून आणलेला शेंगदाण्याच्या लाडवाचा एकेक तुकडा त्यांनी आम्हा दोघांच्या हातावर ठेवला. साखर दोघांनाही वर्ज्य. आम्ही आत कुणी बघत नाही ना, एवढी खात्री केली आणि तुकडे तोंडात टाकले. कमावलेलं बक्षीस नाकारू नये.